कॉर्बेटमधली घाणेरी: मूळ नेमकं कुठे तोडायचं

उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात घाणेरी या परक्या काटेरी झुडपाला कुणी हात लावला नव्हता, असं नाही. ती तोडून झाली, जाळून झाली, मुळासकट उपटूनही झाली. पावसाळा सरला की त्याच जागी, बहुतेक वेळा आधीपेक्षा दाट, ती पुन्हा उभी असायची. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांचे सहकारी यांनी या अपयशाकडे झाडाच्या अंगाने पाहिलं: फूट येते ती नेमकी कुठून, आणि बी पडतं ते कुठे? त्यातून बसवलेली ‘कट रूटस्टॉक’ पद्धत त्यांनी कॉर्बेटमधल्या कामासह २००९ मध्ये प्रसिद्ध केली. पद्धत ऐकायला इतकी सोपी आहे की ती बिघडते ती बहुधा या सोपेपणामुळेच. म्हणून इथे तिचे बारकावे जरा सविस्तर घेतले आहेत.

जागा आणि झाड

कॉर्बेट १९३६ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि १ एप्रिल १९७३ रोजी ‘व्याघ्र प्रकल्प’ या देशव्यापी योजनेची सुरुवात इथूनच झाली. शिवालिकच्या पायथ्याचा हा मुलूख. उंचवट्यांवर सालाचं जंगल, नदीपात्रांलगत शिसम आणि खैर, आणि मध्ये मोकळी गवताळ मैदानं, ज्यांना तिथे चौड म्हणतात. कालागढच्या धरणानंतर रामगंगेकाठच्या चौडांचा मोठा भाग पाण्याखाली गेला. उरलेल्या गवतावर चितळ जगतं, चितळावर वाघ जगतो. त्यामुळे इथे घाणेरीने व्यापलेला प्रत्येक हेक्टर म्हणजे चाऱ्यातली थेट घट.

घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती शोभेचं झुडूप म्हणून आली. कुमाऊंत तिला कुरी म्हणतात, आपल्याकडे घाणेरी किंवा टणटणी. शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा असं एकच लावलं जात असलं, तरी बागांमधल्या संकरांतून तयार झालेला हा मोठा गोतावळा आहे. एकाच रस्त्यावर पिवळी-गुलाबी आणि केशरी-लाल अशी दोन्ही झुडपं दिसतात, आणि काट्यांचं प्रमाणही झुडपागणिक बदलतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातलं दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त जंगल तिच्या तडाख्यात आहे.

तिच्या पानांत लँटाडीन नावाची द्रव्यं असतात. ती यकृत बिघडवतात, आणि पान खाल्लेल्या गुराची कातडी उन्हाने सोलवटते. चरणारी जनावरं तिला टाळतात आणि भोवतीचं गवत खातात. म्हणजे तिच्या वाटणीचा ऊन-पाऊस मोकळा करून देतात. दाट छत्राखाली ती तितकीशी वाढत नाही. तिला हवी असते फट: पडलेल्या झाडाची मोकळी जागा, रस्त्याची कड, ओढ्याचा काठ, उठलेल्या गावाचं पडीक शेत.

ओळख: फूल नसतानाही

फुललेली घाणेरी लहान मूलही ओळखतं. फुलोरा चपटा आणि गोल. मधली ताजी फुलं पिवळी, कडेची जुनी फुलं गुलाबी, केशरी किंवा लाल. फूल जुनं होताना रंग बदलतं. फळं हिरवी, पिकल्यावर जांभळट काळी, चकचकीत, मण्यांसारखी घोसात.

काम करणाऱ्याला मात्र ती बिनफुलाची, आणि कोरड्या महिन्यांत अर्धी पानगळ झालेली ओळखावी लागते. त्यासाठी चार खुणा एकत्र पाहायच्या. कोवळी फांदी बोटांत फिरवली की चौकोनी लागते. तिच्यावर मागे वळलेले छोटे काटे असतात. पानं समोरासमोर, कडा दातेरी, आणि पृष्ठभाग खरकागदासारखा. चुरडलं की तो उग्र वास, ज्यावरून मराठी नाव पडलं. पानं गळलेली असतील तर समोरासमोरचे पानांचे वण आणि फळांच्या घोसाचे सुकलेले दांडे शोधायचे.

चूक होते ती जुन्या झुडपाबाबत कमी, रोपांबाबत जास्त. मुरडशेंगेचं पानही खरखरीत आणि दातेरी असतं, पण ते एकाआड एक येतं आणि फांदीला काटा नसतो. निरगुडीची पानं समोरासमोर असतात, पण एका देठावर तीन किंवा पाच पर्णिका. सालवनातल्या कॅलिकार्पा आणि कोलब्रुकिया या झुडपांची पानं खालून मऊ, लोकरीसारखी लवदार. घाणेरीत ती मऊ लव नसते. तुकडीतल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी या रोपांचे ताजे नमुने हातात द्यावेत. चित्रावरून खरखरीतपणा कळत नाही आणि वास तर नाहीच. हे टाळलं की ‘घाणेरीची रोपं’ म्हणून स्थानिक झुडपांचा ढीग जमतो. तीच झुडपं पुढे ती मोकळी जागा भरून काढणार होती.

तोडलं की का वाढते

घाणेरीचं खोड आणि सोटमूळ जिथे मिळतात तो सांधा गाठीसारखा जाड असतो. सुप्त डोळे त्या गाठीत आणि तिच्यावरच्या बुंध्यात असतात. कोयत्याने बुंधा छाटला की ते सगळे एकदम जागे होतात आणि एका खोडाच्या जागी फुटव्यांचा गुच्छ येतो. आगीचंही तेच: वरचा भाग जळतो, मातीतला सांधा वाचतो, वर राखेचं खत आणि मोकळं ऊन. शिवाय तिच्या वाळक्या काड्या आगीला जमिनीवरून झाडाच्या फांद्यांपर्यंत चढायला शिडी पुरवतात.

मग समूळ उपटणं का नको? झुडूप त्याने मरतं, यात वाद नाही. पण सोटमुळासोबत मोठा मातीचा गोळा निघतो, खाली दडलेलं बी वर येतं आणि उकरलेली मोकळी जमीन तयार मिळते. यंत्राने उपटलं तर हे सगळं अनेक पटींनी होतं. तणनाशकं व्याघ्र प्रकल्पाच्या ओढ्याकाठी वापरायची म्हणजे ओढ्याच्या पाण्याला धोका आणि शेजारच्या गवतालाही.

राहिले कीटक. घाणेरीची बी पोखरणारी माशी भारतात १९२१ मध्ये आणली गेली. १९४१ मध्ये घाणेरीचा रस शोषणारा एक ढेकूण देहरादूनला आणला. तो सागाच्या फुलांवरही जगू शकतो असं दिसल्यावर तो साठा नष्ट केला, तरी तो निसटला आणि पुढे बाहेर पसरलेला आढळला. आज तो घाणेरीची पानं पांढुरकी करताना दिसतो. झुडूप मरगळतं, पुन्हा पालवतं. ज्या झाडाच्या वाणांची गणती शेकड्यांत होते, त्याला एका कीटकाने आवर घालावा ही अपेक्षाच जास्तीची होती.

छाट

पद्धतीचा गाभा एका वाक्यात मावतो: फुटव्याच्या सांध्याखाली, म्हणजे साधारणपणे जमिनीच्या पृष्ठभागाखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर, मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उचलून उलटं ठेवायचं. सांधा झुडपासोबत वर येतो. खाली उरलेल्या मुळाला फुटायला डोळे नसतात, ते मातीतच कुजतं. माती जवळपास हलत नाही.

प्रत्यक्षात हे दोघा-तिघांचं काम आहे. लांब दांड्याची, अरुंद पण जड पात्याची कुदळ लागते. रुंद फावडं मुळाला पोचण्याआधी माती उकरतं. एक जण मजबूत काठीने किंवा बुटाने फांद्यांचा पसारा एका बाजूला रेटून बुंधा उघडा करतो. दुसरा बुंध्याच्या बाजूने, जमिनीशी तिरक्या कोनात घाव घालतो. पातं मुळाला आडवं लागलं पाहिजे. सरळ खाली घाव घातला तर सांधाच चिरतो आणि त्याची अर्धी फाक मातीत राहते, आणि फुटायला तेवढी पुरते. लहान झुडूप एक-दोन घावांत सुटतं. मनगटाएवढ्या जाड मुळाला दोन-तीन बाजूंनी घाव लागतात. मूळ तुटलं की बुंधा धरून झुडूप वर उचलायचं आणि फांद्या खाली, तुटका बुंधा आभाळाकडे, असं ठेवायचं.

उलटं ठेवण्याला कारण आहे. ओल्या मातीला टेकलेली तुटकी बुडखी पुन्हा मूळ धरू शकतात. बुंधा हवेत राहिला की तो उन्हाने वाळतो. फक्त ओढून बाजूला टाकलेली झुडपं पावसात पुन्हा उभी राहिलेली दिसतात, आणि मग दोष पद्धतीला दिला जातो.

हे ३ ते ५ सेंटिमीटर सांध्याच्या संदर्भात मोजायचे, जमिनीच्या नव्हे. सपाट जागी दोन्ही जवळपास एकच. उताराच्या पायथ्याशी किंवा ओढ्याकाठी पुराने गाळ साचला असेल, तर सांधा वीतभर खालीही गाडलेला असू शकतो. तिथे पृष्ठभागाखाली ५ सेंटिमीटरवर तोडलं म्हणजे बुंधाच तोडला. उलट धूप झालेल्या उतारावर सांधा उघडा पडलेला असतो. म्हणून नव्या जागी पहिली पाच-सहा झुडपं हळू, हाताने माती सारून तोडावीत. सांध्याची खोली लक्षात आली की मग वेग घ्यावा. तोडलेल्या प्रत्येक बुडख्याला खाली जाड गाठ आणि गाठीखाली मुळाचा लहानसा तुकडा दिसला पाहिजे. गाठ दिसत नसेल तर ती जमिनीत आहे. पर्यवेक्षकाला संध्याकाळी तपासायची गोष्ट ही एकच आहे, आणि झुडपं उलटी असल्याने ती चालता चालता तपासता येते.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे टेकलेल्या फांद्या. जुन्या जाळीत लांब फांद्या कमानीसारख्या वाकून जमिनीला लागतात आणि पेरांवर मुळं धरतात. वरून एक दिसणारी जाळी खाली तीन-चार स्वतंत्र झुडपांची असते. मुख्य मूळ तोडल्यावर जाळी सहज उचलली जात नसेल, तर जोर लावून ओढू नये. कुठे अडकलं ते पाहून तिथेही घाव घालावा. ओढून फांदी तुटते आणि रुजलेलं टोक मागे राहतं.

दाट जाळीत मधून शिरता येत नाही. कडेने एकेक झुडूप सोडवत, मोकळं झालेलं मागे टाकत आत जायचं. जाड चामडी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. वळलेले काटे कापडात अडकतात आणि फांदी सुटून थेट तोंडावर येते. त्याआधी एक काम: जाळीभोवती आवाज करत फिरून, वाकून आत पाहून घेणं. भर दुपारी घाणेरीच्या सावलीत वाघ, अस्वल किंवा रानडुक्कर पडलेलं असणं ही कॉर्बेटमध्ये अजिबात नवलाची गोष्ट नाही. पिल्लं किंवा चालू घरटं दिसलं तर ती जाळी त्या हंगामापुरती सोडून द्यावी. अख्खा तुकडा एकदम उघडा न करता टप्प्यांनी जावं, ते याचसाठी. ही झुडपं वाईट असली तरी काही जनावरांचा आज तोच आडोसा आहे.

कधी, आणि कुठून सुरुवात

माती ओली हवी आणि फळं पिकलेली नकोत. या दोन अटी एकत्र जुळतात त्या पहिल्या पावसांत. डोंगरपायथ्याच्या भाबर पट्ट्यातली गोट्यांची जमीन उन्हाळ्यात कुदळीला दाद देत नाही. घाव उसळतो, मूळ वरच्या वर तुटतं. पण पाऊस वाढला की ओढे भरतात, वाटा बंद होतात. ढिकाला भाग पर्यटकांसाठी १५ जून ते १५ नोव्हेंबर बंद असतो तो उगाच नाही. त्यामुळे हाताशी फार दिवस नसतात आणि तुकडे आधीच आखलेले असावे लागतात.

आखणीसाठी १० मीटर बाय १० मीटरच्या चौकटी पुरतात. चौकटीतली झुडपं मोजायची. १२ भरली तर हेक्टरी १,२०० असा हिशेब, आणि त्यावरून माणसं-दिवस. चौकटीच्या कोपऱ्यांना खुणा आणि एका ठरलेल्या कोपऱ्यातून छायाचित्र, म्हणजे पुढच्या वर्षी तीच जागा सापडते.

सुरुवात मात्र सर्वांत दाट तुकड्यापासून करण्याचा मोह आवरावा. दाट तुकड्याचं आधीचं आणि नंतरचं छायाचित्र अहवालात छान दिसतं, यापलीकडे त्याचा फायदा नाही. आधी विरळ, नुकती पसरू लागलेली टोकं काढायची. तिथे स्थानिक गवत अजून जिवंत असतं आणि रिकामी जागा ते आपणहून भरतं. मग उताराच्या वरच्या अंगाने खाली. बी पाण्यासोबत उतरतं. खालचं आधी साफ केलं तर वरचं ते पुन्हा पेरतं. फळं आलेली झुडपं तोडावीच लागली तर तिथल्या तिथेच उलटी करायची. ती वाटेने ओढत नेली की वाटभर बी सांडतं.

काढलेली घाणेरी जागेवरच ठेवण्याला कायद्याचीही बाजू आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३५ नुसार राष्ट्रीय उद्यानातून वनोपज काढायला मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना लागतो. ते काढणं उद्यानाच्या व्यवस्थापनासाठी गरजेचं असावं लागतं, आणि निघालेला माल फक्त आजूबाजूच्या लोकांच्या घरगुती गरजेला देता येतो, विक्रीला नाही. परकं तण झालं तरी उत्साही स्वयंसेवकांनी कोयते घेऊन परस्पर आत शिरायचं नाही. कर्नाटकात माले महादेश्वर टेकड्यांत सोलिगा कारागीर घाणेरीच्या काठ्यांपासून सुरेख फर्निचर करतात. रोजगार म्हणून ते उत्तम, पण त्याला निर्मूलन म्हणू नये. कारागिराला सरळ काठ्या लागतात, सांधा जमिनीत राहतो आणि पुढच्या वर्षी आणखी सरळ काठ्या येतात.

बी कुठे पडतं

बहुतेक ठिकाणी काम फसतं ते छाटीनंतर. एका मोठ्या झुडपाला वर्षात हजारो फळं येऊ शकतात. बुलबुल आणि मैना ती खातात, जवळच्या झाडावर बसतात आणि तिथे बी टाकतात. म्हणून रोपं सगळीकडे सारखी उगवत नाहीत. ती मोकळ्या जागेतल्या एकट्या झाडाखाली वर्तुळात येतात, आणि दुसरीकडे पाणी वाहून जाणाऱ्या नाळींत रांगेने. बाबूंच्या पद्धतीचा दुसरा भाग यावरच उभा आहे. पूर्ण क्षेत्र पुन्हा पिंजून काढण्याऐवजी पक्ष्यांच्या बैठकीची झाडं आणि नाळी नकाशावर नोंदवायच्या आणि खुरपणी तिथे करायची.

पहिली फेरी छाटीनंतरचा पाऊस ओसरताना, माती ओली असतानाच. बोटभर जाडीची रोपं हाताने सरळ वर ओढली की मुळासह येतात. वाळलेल्या मातीत ती बुंध्याशी तुटतात आणि आपण नकळत त्यांना छाटून दाट करतो. याच फेरीत चुकलेल्या सांध्यांतून आलेले फुटवेही सापडतात. रोपाला एकच खोड असतं, फुटव्यांचा गुच्छ असतो. गुच्छ दिसला की कुदळ घ्यायची. पुढची किमान दोन-तीन वर्षं ही फेरी चुकवायची नाही. निधी एका वर्षाचा मंजूर असेल तर तीन हेक्टर साफ करण्यापेक्षा एक हेक्टर करून उरलेला पैसा या फेऱ्यांसाठी राखून ठेवण्याची तजवीज करावी.

मोकळी जमीन कुणाची

विरळ टोकांत गवत आपोआप येतं. जुन्या दाट जाळीखाली मात्र उघडी माती असते, आणि तिथे सर्वांत आधी पोचतं गाजरगवत. १९५५ मध्ये पुण्यात आढळल्यानंतर ते देशभर गेलं, कॉर्बेटची मैदानंही त्यातून सुटली नाहीत. त्याच्या जोडीला भांग. घाणेरी काढून गाजरगवत आणलं, तर चितळाच्या दृष्टीने फरक शून्य.

म्हणून छाटीच्याच पावसात गवत लावायचं. शेजारच्या चौडातल्या मारवेल, वाळा, कुसळी यांचे ठोंब मुळासह फोडून, मूठभर काड्यांचे तुकडे अर्ध्या मीटरवर लावले तर एका पावसात जमीन झाकायला लागते. ठोंब एकाच जागेवरून उचलू नयेत, नाहीतर तिथे नवी फट तयार होते. जिथे मूळचं जंगल होतं तिथे गवताऐवजी बांबू आणि स्थानिक झाडं, कारण शेवटी घाणेरीला आवरते ती सावली. कोणत्या तुकड्याचं गवताळ रान करायचं आणि कोणत्याचं जंगल, हे छाटीच्या आधी ठरलेलं असावं.

एक अडचण हमखास येते: कोवळं गवत दिसताच चितळांचे कळप तिथे येऊन बसतात. तुकडा लहान असेल तर ते त्याला मुळापर्यंत खातात आणि पुन्हा उघडी माती राहते. यावर स्वस्त उपाय समोरच पडलेला असतो. वाळलेली, उलटी काटेरी झुडपं लावणीच्या कडेने छातीएवढी रचली की पहिल्या हंगामापुरतं कुंपण होतं. रचताना त्यांवर फळं नाहीत ना, एवढं पाहावं, आणि वणव्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत ते कुंपण मोडून काड्या विखरून टाकाव्यात.

दरवर्षी १ मीटर बाय १ मीटरच्या काही कायम चौकटींत घाणेरीची रोपं आणि गवताचं आच्छादन नोंदवत गेलं की तुकडा सुटला की नाही ते कळतं. निम्म्या चौकटी मुद्दाम बैठकीच्या झाडांखाली घ्याव्यात. सगळ्या मैदानाच्या मध्यात घेतल्या तर आकडे पहिल्याच वर्षी देखणे येतील, आणि तिसऱ्या वर्षी मैदानातल्या एखाद्या एकट्या सावरीच्या झाडाखाली गुडघाभर घाणेरी उभी असेल.